वाकड्या लाकडांची जागा

'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण ज्या कुणी काढली, त्याने स्वतः कधी चूल पेटवली नसावी असा माझा दाट संशय आहे. ओलं लाकूड जळत नाही. ते धुमसतं, फुसफुसतं, टोकातून पाण्याचे बुडबुडे काढतं आणि अख्ख्या घराला रडवतं. म्हणीचा अर्थ वेगळा आहे हे ठाऊक आहे मला, उगाच शाळेतल्या मराठीच्या बाईंकडे तक्रार नेऊ नका :-) पण आजचा विषय खरोखरच सुकं आणि ओलं हाच आहे. म्हणजे सरपण. त्यातही वेडंवाकडं सरपण, आणि ते ठेवायचं कुठे हा प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, आठवडाभर कोड खरडणाऱ्या माणसाला शनिवारी सरपण कुठून आठवलं? तर त्याचं कारण पेठ. पुण्यातली कुठलीशी पेठ नव्हे, नाशिक जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नाशिकहून पेठ रोडने निघालं की घाट ओलांडून पंचावन्नेक किलोमीटरवर पेठ लागतं, आणि तोच रस्ता पुढे गुजरातेत धरमपूरकडे जातो. संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात. कोकणा, महादेव कोळी, वारली लोकांची वस्ती. भात, नागली, वरई ही पिकं. पाऊस नाशिक शहराच्या दुपटीहून जास्त. माझ्या एका कॉलेजमित्राचं घर तिथल्या एका पाड्यावर आहे आणि गेली काही वर्षं माझं तिकडे वर्षातून एकदोनदा जाणं होतं. त्याच्या आईला मी मावशी म्हणतो. या मावशीने रचलेली सरपणाची रास बघितल्यापासून मला या विषयाने पछाडलं आहे.

ती रास कशी असते ते सांगतो. सर्वांत खाली बुंधे. झाड गेल्यावर जमिनीत उरलेलं, उकरून काढलेलं, चहूबाजूंनी मुळांचे हात फुटलेलं लाकूड. हे कुऱ्हाडीला दाद देत नाही आणि कुठल्याच थप्पीत बसत नाही, म्हणून त्याला पायाला घालायचं. त्यामुळे वरचं लाकूड जमिनीपासून वीतभर उंच राहतं, ओल चढत नाही आणि उधईला सरळ वाट मिळत नाही. दोन्ही कडांना बेचक्याची लाकडं उभी, म्हणजे रास बाजूने ढासळत नाही. मधे वाकडे फाटे, एकमेकांत अडकवून. वरती त्यातल्या त्यात सरळ लाकडं, उतार देऊन. बारीक काटक्या, ढलप्या आणि साली बाहेर ठेवायच्याच नाहीत, त्या घरात चुलीच्या वर माळ्यावर. आणि गाठी वेगळ्या, एका कोपऱ्यात. गाठीतले तंतू उलटसुलट असतात, ती फुटता फुटत नाही, सुकायला सगळ्यांत जास्त वेळ घेते, पण जळते मात्र सावकाश. रात्री चुलीत एक गाठ सारून राखेने झाकली की सकाळी निखारा शिल्लक असतो. काडेपेटीचं काम नाही.

एकदा मी विचारलं, "मावशी, कुठलं लाकूड वाळलं, कुठलं नाही, कळतं कसं?"

"हातात घेतलं का कळतं ना भाऊ. ओलं जड लागतं. नाहीतर दोन लाकडं एकमेकांवर वाजवायची. वाळेल असलं का खणखण वाजतं."

विषय संपला. आम्ही यासाठी सेन्सर लावला असता, त्याचं ॲप काढलं असतं आणि ॲप चालवायला पाड्यावर रेंज नाही म्हणून पुढच्या वर्षीचं बजेट मागितलं असतं.

आपल्या धंद्यात 'स्टॅक' म्हणजे शेवटी आलं ते आधी बाहेर. सरपणाच्या राशीला हा नियम लावला तर भर पावसात मे महिन्यातलं सर्वांत ओलं लाकूड हाताशी येईल. म्हणून मावशीच्या राशी दोन. एक चालू आणि एक खास पावसाची. चालू रास संपेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, लावला तर ओरडा. थोडक्यात, स्टॅकसारखं दिसणारं पण रांगेसारखं चालणारं प्रकरण. मला हे शिकायला चार वर्षं इंजिनियरिंग कॉलेजची फी भरावी लागली.

बरं, सगळं लाकूड वाकडंच का? याचं उत्तर ऐकायला साधं आहे आणि विचार केला तर बोचरं आहे. सरळ लाकडाला गिऱ्हाईक असतं. ते वासा होतं, खांब होतं, कुंपणाला जातं किंवा मोळी बांधून विकलं जातं. बारीक फांद्या आणि पालापाचोळा राबाला जातो. भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यावर शेण, फांद्या, पाला पसरून भाजतात, तो राब. सह्याद्रीच्या या सगळ्या पट्ट्यात ही जुनी पद्धत आहे, इतकी जुनी की १८८० च्या दशकात इंग्रज सरकारच्या वनखात्याशी ठाणे-कुलाब्याकडच्या शेतकऱ्यांचं यावरून मोठं भांडण झालं आणि सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. तर सरळ लाकूड बाजाराला, बारीक फांद्या शेताला, आणि जे कुणालाच नको ते चुलीला. बुंधे, गाठी, बेचक्या, मुळ्या.

गंमत म्हणजे कायद्यालाही हे माहीत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची व्याख्या वाचा. बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता यांच्या यादीत झुडपांचं लाकूड आणि झाडांचे बुंधे हे दोन्ही आले आहेत. म्हणजे माझ्या मावशीचं अर्धं सरपण संसदेने नाव घेऊन मान्य केलेलं आहे. ते गोळा करायचा हक्क आहे. कोरडं ठेवायला जागा मात्र नाही. इथे मी मूळ मुद्द्यावर येतो.

आधी थोडं भौतिकशास्त्र. कंटाळा करू नका, गोष्ट छोटी आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळपास निम्मं पाणी असू शकतं. उन्हावाऱ्यात नीट वाळलं की ते पंधरा-वीस टक्क्यांवर येतं. निम्मं पाणी असलेलं लाकूड चुलीत घातलं तर त्यातल्या उष्णतेचा साधारण सातवा हिस्सा नुसती ती वाफ काढण्यात जातो. हा तोटा आपण सहनही केला असता. खरी गोम पुढे आहे. लाकूड तापलं की त्याच्या कोरड्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडतो आणि आपल्याला दिसणारी ज्वाळा म्हणजे हे वायू जळणं. ओल्या लाकडाने आग थंड पडते, मग हे वायू न जळताच निसटतात. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे न जळलेलं जळण. जंगलातून डोक्यावर आणलेलं लाकूड अर्धवट जळून थेट फुफ्फुसात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. यात सगळ्यांत जास्त वेळ चुलीपुढे कोण बसतं हे सांगायची गरज नाही.

म्हणजे सरपण कोरडं ठेवणं हा टापटिपीचा भाग नाही, तो आरोग्याचा भाग आहे. आणि इथे वाकड्या लाकडाची एक चांगली बाजू आहे. सारख्या लांबीचे ओंडके रचले तरी राशीत तिसरा हिस्सा हवा असते, वेडेवाकडे तुकडे नुसते टाकले तर निम्म्याहून जास्त. आपल्याला, म्हणजे मेमरीतली एकेक रिकामी जागा मोजणाऱ्या लोकांना, हे वाया गेल्यासारखं वाटतं. पण सरपणाला त्या फटीच हव्या असतात, त्यातूनच वारा खेळतो. वाकडी लाकडं जागा जास्त खातात आणि त्याच कारणाने चांगली वाळतात. अट एकच, डोक्यावर छप्पर हवं आणि बाजू उघड्या हव्यात. चहूबाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलं की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते.

जगात याला किती मान आहे बघा. जर्मनीत गोल घुमटासारखी रास रचायची पद्धत आहे, बाहेरून नीट तुकड्यांची भिंत आणि पोटात सगळा वेडावाकडा माल. नॉर्वेत लार्स मिटिंग नावाच्या लेखकाने २०११ साली लाकूड तोडणं, रचणं, वाळवणं यावर एक पुस्तक लिहिलं, ते तिथे धडाक्याने खपलं. त्यावरून २०१३ साली तिथल्या सरकारी टीव्हीने सरपण या विषयावर बारा तासांचा कार्यक्रम केला, त्यात कित्येक तास नुसती शेकोटी दाखवली. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या त्या कंटाळ्याच्या नव्हेत. लाकडं रचताना साल वर ठेवायची की खाली यावरून लोक भांडले! आणि आपल्याकडे तेच काम अधिक अवघड लाकडांवर, अधिक पावसात, बायका दरवर्षी करतात तेव्हा त्याला आपण 'मागासलेपण' म्हणतो.

इथे हमखास येणारा प्रश्न, "अरे पण उज्ज्वला आली ना?" आली. आणि ती चांगली योजना आहे हे मी स्वच्छ सांगतो. मे २०१६ मध्ये सुरू झाली, आठ कोटींचं उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये पूर्ण झालं, आणि तो आठ कोटीवा टप्पा गाठल्याचा कार्यक्रम आपल्याच औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला झाला. मी एक हिशेब मांडला. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली भांड्यापर्यंत पोचणारी उष्णता साध्या चुलीवर मिळवायची तर ढोबळमानाने दोनशे किलो सुकं लाकूड लागतं. दोनशे किलो! एका सिलिंडरमागे कितीतरी मोळ्या वाचतात. पण सरकारी आकड्यांप्रमाणे उज्ज्वलाच्या घरात २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर लागत होते, २०२४-२५ मध्ये ते साडेचारच्या आसपास गेले. तुमच्या घरी वर्षाला किती लागतात ते आठवा. उरलेला स्वयंपाक कशावर होतो? चुलीवर. पैसे हे पहिलं कारण, पण एकमेव नाही.

दुसरं कारण ऊब. ज्यांची ऑनसाइटवारी झाली आहे त्यांना माहीत आहे, तिकडे घर गरम करणं हे वेगळं खातं असतं, त्याचं वेगळं बिल येतं. आपल्याकडे हे खातंच नाही, म्हणून ते कुणाच्या हिशेबात येत नाही. पेठेत जुलैची झड लागली की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही. कपडे चुलीच्या वर वाळतात, पोरं चुलीपुढे वाळतात. डिसेंबर-जानेवारीत घरातली म्हातारी माणसं चुलीच्या उबेला झोपतात. साध्या चुलीची कार्यक्षमता दहा-पंधरा टक्के असं आपण तुच्छतेने वाचतो. म्हणजे बाकीची पंच्याऐंशी-नव्वद टक्के उष्णता भांड्याला लागत नाही. पण ती जाते कुठे? घरात. मे महिन्यात तो तोटा आहे, जानेवारीत तेच त्या घराचं हीटिंग आहे. गॅसवर भाकरी होते, घर गरम होत नाही. त्यामुळे गॅस येऊनही चूल राहते, आणि चूल राहते तोवर सरपण राहतं.

मग ते ठेवायचं कुठे? जुन्या घरात उत्तर घरातच होतं. उतरतं कौलारू छप्पर, रुंद वळचण, पडवी, आत माळा. आता पाड्यावर घरकुलं उभी राहताहेत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण निकषात घर किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेसह. २५ चौरस मीटर म्हणजे आपल्या सोसायटीतल्या दोन गाड्यांच्या पार्किंगएवढी जागा. मूळ मदत सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. घर पक्कं होतं, गळत नाही, साप-विंचू कमी होतात. हे सगळं मोलाचं आहे, कुडाच्या भिंतींचे गोडवे गाणाऱ्यांनी तिथे एक पावसाळा काढावा. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरकुलांचं डोकं सपाट, वळचण हातभरसुद्धा नाही, पडवी नाही, माळा नाही. सरपण बाहेर, निळ्या ताडपत्रीखाली. जुलैत हात घातला की ओलं. आणि त्याच ओल्या लाकडाचा धूर आता कौलांच्या फटींतून निघून जात नाही, सिमेंटच्या खोलीत कोंडतो. चांगल्या हेतूने बांधलेल्या घरात धूर वाढतो.

ही अडचण फक्त आदिवासी पाड्याची आहे असंही नाही. आपल्या आजी-आजोबांच्या वाड्यात न्हाणीघराशेजारी तांब्याचा बंब असायचा आणि जिन्याखाली नाहीतर परसात बंबफोड ठेवायची जागा असायचीच. वखारीतून आलेली लाकडं पावसात भिजू देणारं मध्यमवर्गीय घर कुणी बांधलं नसतं. जोवर आपण लाकूड जाळत होतो तोवर लाकडाला जागा हे गृहीत होतं. आपलं जळण बदललं आणि दुसऱ्यासाठी घराचा आराखडा काढताना आपण ते विसरलो.

यावर दोन आक्षेप ऐकले आहेत. पहिला, सरपणाला जागा दिली तर लोक चुलीलाच चिकटून राहतील. मला हे पटत नाही. जागा न दिल्याने कुणी चूल सोडलेली नाही, फक्त धूर वाढला आहे. भिजलेलं लाकूड जास्त लागतं, म्हणजे जंगलावरचा भारही वाढतो. गॅस स्वस्त करा, जरूर करा, पण तो पुरेसा होईपर्यंतच्या वर्षांत त्या बाईने काय करायचं? दुसरा आक्षेप, घर लाभार्थी स्वतःच बांधतो, त्याला हवी तर त्याने पडवी काढावी. कागदावर बरोबर आहे. पण पैसे भिंती आणि छतापर्यंतच पुरतात, आणि जे नकाशात नसतं ते शेवटी राहूनच जातं. रिक्वायरमेंटमध्ये नसलेलं फीचर 'नंतर बघू' म्हटल्यावर त्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

शिवाय वेळेचं गणित आहे. भाताची कापणी-मळणी आटोपली की तालुक्यातली बरीच कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत, नाशिकच्या बांधकामांवर. लाकूड वाळवायला सर्वांत चांगले महिने कोणते? फेब्रुवारी ते मे. नेमके तेव्हा हात घराबाहेर. परत आल्यावर घाईघाईने गोळा केलेलं लाकूड पाऊस पडेपर्यंत वाळत नाही, आणि जाड बुंधे तर नाहीच नाही. हक्काची छपराची जागा असेल तर निघण्याआधी ती भरून जाता येईल. उन्हाळाभर घर बंद असतानाही वारा आपलं काम करत राहील.

मागतोय तरी किती? घराच्या एका भिंतीला टेकून उतरती पत्र्याची पडवी, आठ-दहा फूट लांब, चारेक फूट खोल. खाली दोन ओळी दगड, म्हणजे लाकूड जमिनीला टेकणार नाही. समोरून उघडी, पावसाच्या तोंडाला पाठ करून. एवढंच. बाकीचं कसं रचायचं हे मावशीला शिकवायची कुणाची टाप नाही. १९८० च्या दशकात सरकारने निर्धूर चुलींचा देशव्यापी कार्यक्रम काढला, नंतर गॅस दिला. प्रत्येक वेळी विचार झाला तो शेगडीचा. शेगडीत जे घालायचं आहे ते कोरडं राहील का, हा प्रश्न योजनेत कुणी घातला नाही. इनपुट खराब असेल तर आउटपुट खराब येणार, हे तत्त्व चुलीलाही लागू आहे.

आपल्यातले बरेच जण कंपनीच्या सीएसआरच्या निमित्ताने पेठ, सुरगाणा, हरसूलकडे जातात. ब्लँकेटं वाटतात, सोलर दिवे लावतात, फोटो काढतात. चांगलंच आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा पाड्यावरच्या बायकांना एवढं विचारा, "पावसाचं सरपण कुठे ठेवता?" उत्तर घराच्या मागे ताडपत्रीखाली सापडलं, तर त्या वर्षीच्या बजेटमध्ये ब्लँकेटांच्या जोडीला थोडे पत्रे आणि खांब बसवा. आणि ज्यांचे मामा-काका जिल्हा परिषदेत किंवा पंचायत समितीत बसतात, त्यांनी घरकुलाच्या नकाशावर पडवीची एक रेघ ओढायला सांगा.